तुंबा

निल्दा एचेव्हेरी अकरा वर्षं आमचं माते ओतायची.
माते म्हणजे कडू पाला, भोपळ्याच्या तुंब्यात दाबून भरलेला,
वर गरम पाणी, आत धातूची एक नळी,
आणि तीच नळी सगळ्यांच्या ओठांना.
मोंतेविदेओत, चौथ्या मजल्यावर,
जिथून ती नदी दिसते जिला आम्ही हट्टानं समुद्र म्हणतो,
सकाळी उभ्या उभ्या मीटिंग व्हायची:
काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय.

नियम दोन.
एक भिंतीवर लिहिलेला: तुंबा ज्याच्या हातात, त्यानं बोलायचं.
दुसरा कुठेच नाही:
तुंबा परत देताना गप्प राहायचं.
'ग्रासियास' म्हणालात, आभार मानलेत,
की तुमचं पुरे झालं.
पुढच्या फेरीत तुम्हाला वगळतात. रागानं नव्हे.

मार्चमधल्या एका गुरुवारी निल्दानं
स्वतःच ओतलेला तुंबा स्वतः संपवला
आणि म्हणाली, 'ग्रासियास.'
आम्ही हसलो.
वॉशिंग्टन म्हणाला, पोट बिघडलं असेल.
सोमवारी मेल आला.
बर्लिनची कंपनी, घरून काम, पगार दुप्पट, तोही युरोत.
ती अजून माझ्याच गल्लीत राहते.
कधी फाटकाशी कुत्रा घेऊन दिसते, हात हलवते.

मग मी, काखेत थर्मास,
सगळ्या खंडाला वळसा घातला.
झाड उलटं करून दाखवा. रांगेतला हरवलेला आकडा शोधा.
सोळा जणांच्या हाती भोपळा.
सतरावा युस्निएल, क्यूबातल्या ओल्गिनचा,
इथे सायकलवरून लोकांची जेवणं पोचवणारा.
'इथवरचा प्रवास सांगा,' मी म्हणालो,
म्हणजे कोणत्या कंपन्या, किती वर्षं.
तो म्हणाला, गयानापर्यंत विमान,
मग ट्रकच्या पाठीवर, लाल धूळ खात,
मग ब्राझीलभर नऊ बस,
एकीत बूट चोरीला गेले.
माझ्या फॉर्मवर त्याला रकाना नव्हता.
मी 'संवादकौशल्य'पुढे चार लिहिले. पाचापैकी.
झाड मात्र त्यानं सहज उलटं केलं.

पहिल्या सकाळी त्यालाही भोपळाच दिला, वाफाळता.
डोळ्यांत पाणी आलं त्याच्या,
तरी तळ वाजेपर्यंत ओढला,
आणि आईनं शिकवलं असणार,
म्हणाला, 'ग्रासियास.'

मंगळवारी तुंबा त्याच्यासमोरून पुढे गेला.
बुधवारीही.
तीन आठवडे तो आमच्या हातांकडे बघत उभा,
आणि हातात तुंबा नाही त्यानं बोलायचं नाही,
म्हणून त्याचं काल, त्याचं आज, त्याचं अडलेलं
तसंच राहायचं.
ओतत मी होतो. दिसत मला होतं.
वाटायचं, सांगेल कुणीतरी.
वॉशिंग्टन म्हणाला, पोरगा हुशार आहे, पण मिसळत नाही.
मी ते फॉर्मवर लिहिलंसुद्धा. पेन्सिलीनं.

बिलांच्या कोडमध्ये निल्दाची एक जुनी टीप आहे:
'ही ओळ काढू नका. का, ते मला विचारा.'
अकरा वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.
युस्निएल गेला. फाटकाशी, संध्याकाळी, सायकलवरून.
काय बोलले ठाऊक नाही.
कुत्रा भुंकलेला मला घरात ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी त्यानं पुढे होऊन तुंबा मागितला,
प्यायला, परत दिला, तोंडातून अवाक्षर नाही.
मग बोलला. सतरा मिनिटं.

संध्याकाळी त्याचा बदल माझ्याकडे मंजुरीला आला.
ओळ तिथेच. तिच्याखाली कारण, चार वाक्यांत,
फेब्रुवारी, लीप वर्ष, एका बँकेचा हट्ट.
आणि त्याखाली, कोडशी काही संबंध नसताना:
'नव्यांसाठी. तुंबा परत देताना काही बोलू नका.'

मी दोनदा वाचलं.
मंजूर केलं.
खालच्या चौकटीत आभार लिहायला लागलो,
तीन अक्षरं झाली,
आणि पुसली.